रेक्टरची खोली कुठे आहे?

बुधवार

कुठलेही वसतिगृह पाहायला गेलो की मी आधी रेक्टरची खोली शोधतो. पाचवी ते दहावी वसतिगृहात काढलेल्या माणसाची ही खोड जात नाही. मुलांच्या खाटा कुठे, मोठ्या मुलांच्या कुठे, दिवे मालवल्यावर कोण कुणावर लक्ष ठेवणार, हे सगळे नकाशात आधीच ठरलेले असते. नियमांची पाटी नंतर लागते.

इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला मावसभाऊ राहतो. त्याने माझ्यासाठी स्टोनहेंज, आयल ऑफ वाइट वगैरे यादी करून ठेवली होती. मी म्हटले, मला इथल्या जुन्या बोर्डिंग शाळांची राहण्याची जागा पाहायची आहे. वहिनी चहा गाळता गाळता थांबल्या. "भाऊजी, लोक त्या शाळांची क्रिकेटची मैदानं बघतात, चॅपल बघतात. तुम्ही पोरांच्या खाटा बघायला एवढ्या लांब आलात?"

आलो खरा. साउथॅम्प्टनहून विंचेस्टर म्हणजे गाडीत नीट बसेपर्यंत येणारे स्टेशन. तिथून उतारावरून खाली, कॅथीड्रलच्या आवारातून पलीकडे, किंग्जगेटच्या कमानीखालून डावीकडे वळले की कॉलेज स्ट्रीट. रस्त्याच्या कडेने लांबलचक भिंत जाते आणि तिला खिडक्या जवळजवळ नाहीतच. भिंतीमागे विंचेस्टर कॉलेज, नावाने कॉलेज पण मुलांची शाळा. तिची सनद 1382 ची, आणि त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले होते. विंचेस्टरचा बिशप आणि राज्याचा चान्सलर राहिलेला, शाळेचा संस्थापक विल्यम ऑफ विकहॅम हा श्रीमंत माणूस. अशा माणसाने रस्त्याकडे पाठ करून बांधले यात नवल नाही.

प्लेगच्या साथीत पाद्री मोठ्या संख्येने मेले होते. नवे, शिकलेले पाद्री हवे होते. म्हणून विकहॅमने जोडीने दोन संस्था काढल्या: ऑक्सफर्डला न्यू कॉलेज आणि तिथे मुले पुरवायला विंचेस्टर. इथे 70 मुलांना स्कॉलर म्हणून फुकट ठेवायचे होते. पायाचा दगड 1387 च्या मार्चमध्ये बसला आणि 1394 च्या मार्चमध्ये मुले आत आली. गवंडीकाम विल्यम विनफर्डचे, लाकूडकाम ह्यू हर्लंडचे. दोघेही त्या काळातले पहिल्या पंक्तीचे.

गाइडेड टूरचे तिकीट काढून आत गेलो. बाहेरच्या चौकात पूर्वी शाळेची स्वतःची बिअर गाळण्याची इमारत होती, आता तिथे ग्रंथालय आहे. दुसऱ्या दरवाज्यातून आत गेल्यावर जो चौक लागतो त्याचे नाव चेंबर कोर्ट. सगळा मामला इथे आहे. चौसोपी वाड्यासारखी रचना: मध्ये फरसबंद चौक, चारी बाजूंनी खोल्या, सगळ्यांची तोंडे आत. भिंती गारगोटीच्या. फोडलेल्या काळसर गारा चुन्यात बसवलेल्या, आणि खिडक्या-दारांच्या चौकटींना मात्र घडीव पांढरा दगड. हात फिरवला तर गार काचेसारखी गुळगुळीत लागते आणि मधला चुना खरबरीत. सहाशे वर्षांच्या पावसाने दगडाच्या कडा झिजल्या आहेत. गारेला काही झालेले नाही.

दक्षिणेकडची बाजू सगळ्यात उंच. तिथे चॅपल आणि भोजनगृह एकाच ओळीत, पाठीला पाठ लावून बांधले आहेत. भोजनगृह वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे दोन्ही छपरे एका रेषेत येतात, आणि भोजनगृहाच्या खाली जी जागा उरली तिथे शाळेचा एकमेव वर्ग भरत असे. इंचही वाया घालवलेला नाही. चॅपलचे छत दगडी कमानींचे वाटते, पण ते हर्लंडचे लाकूडकाम आहे. गाइडने सांगेपर्यंत गटातल्या कुणाच्याही लक्षात आले नाही.

उरलेल्या बाजूंना तळमजल्यावर सहा खोल्या. 70 मुले या सहा खोल्यांत, म्हणजे खोलीमागे अकरा-बारा. विकहॅमचा नियम असा की प्रत्येक खोलीत किमान तीन मोठी, समंजस, अभ्यासात पुढे गेलेली मुले ठेवायची आणि बाकीच्यांच्या वागण्याची जबाबदारी त्यांच्यावर. इंग्रजी शाळांतली प्रीफेक्ट ही भानगड इथपर्यंत मागे जाते. वरच्या मजल्यावर फेलो, म्हणजे संस्थेचे सभासद, आणि शिक्षक. आणि मुख्य अधिकारी, म्हणजे वॉर्डन? मी वर पाहिले. त्याची खोली आपण ज्या दरवाज्यातून आलो बरोबर त्याच्या डोक्यावर. एका खिडकीतून बाहेरचा चौक, दुसरीतून आतला. कुणी आले, कुणी गेले, कोण उशिरा परतले, काहीच सुटणार नाही. माझ्या रेक्टरांना ही जागा मिळाली असती तर आमचे फार हाल झाले असते.

तळमजल्यावरच्या एका चेंबरमध्ये डोकावायला मिळाले. मुले आता वरच्या मजल्यावर झोपतात, फेलोंच्या जुन्या जागेत, आणि खालची चेंबरे अभ्यासाला. भिंतीच्या कडेने लाकडी कप्पे उभे आहेत: बसायला बाक, समोर लिहायची फळी, वर पुस्तकांची मांडणी, दोन्ही बाजूंना आडोसा. यांना टॉय म्हणतात. एकेका मुलाचे एकेक टॉय. आत बसलेल्याचे डोके बाहेरून दिसते, वही दिसत नाही. एका फळीवर अर्धवट खाल्लेल्या बिस्किटांचा पुडा, बॅडमिंटनची रॅकेट आणि लॅटिनचे पुस्तक होते. बारा जणांत राहूनही तीन फूट जागा आपली, हे सुतारकामातून साधले आहे. आमच्याकडे त्यासाठी फक्त पत्र्याची ट्रंक होती आणि तिची किल्ली.

भोजनगृहाच्या वाटेवर, स्वयंपाकघराजवळ, एक जुने चित्र आहे: आदर्श नोकर. तोंड डुकराचे आणि त्याला कुलूप, कान गाढवाचे, पाय हरणाचे. म्हणजे मिळेल ते खावे, गुपित फोडू नये, मालकाचे ऐकून घ्यावे, निरोप धावत पोचवावा. मुलांच्या जेवणाच्या वाटेवर हे चित्र लावणाऱ्याच्या मनात नोकर होते की मुले, असा प्रश्न मला पडला. गाइड बाई हसून पुढे गेल्या.

गुरुवार

आज पुन्हा विंचेस्टर, टूर न घेता. काल 1680 च्या दशकातली वर्गाची इमारत घाईत पाहिली होती. लाल विटा, दगडी फुलांच्या माळा, मोठ्या खिडक्या. चौकातल्या गारगोटीच्या शेजारी ती एखाद्या सरदाराच्या बंगल्यासारखी दिसते. आत भिंतीवर लॅटिन ओळ आहे, तिचा अर्थ: शीक, नाहीतर निघून जा, तिसरा पर्याय मार खाण्याचा. प्रत्येकाजवळ चित्रे: शिकणाऱ्यासाठी बिशपचा मुकुट, निघणाऱ्यासाठी दौत आणि तलवार, उरलेल्यांसाठी छडी. एवढे स्पष्ट प्रॉस्पेक्टस मी दुसरे पाहिले नाही.

आज मला पैसे भरून राहणाऱ्या मुलांचे काय झाले ते पाहायचे होते. स्कॉलरांची व्यवस्था विकहॅम करून गेला. बाकीच्यांना कॉमनर म्हणत, आणि त्यांच्यासाठी 1839 पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत जॉर्ज स्टॅनली रेप्टन या वास्तुविशारदाने एक मोठी इमारत बांधली. एकाच छपराखाली सगळे. ती इतकी कोंदट आणि रोगट निघाली की पुढे मुलांना तिथून हलवावे लागले, आणि 1870 च्या सुमारास विल्यम बटरफील्डने तिचे वर्ग करून टाकले. झोपायला नालायक, शिकायला चालेल, असा निकाल.

मुले मग शहरातल्या घरांत गेली. किंग्जगेटच्या पलीकडे त्या भागात चक्कर मारली. विटांची मोठी घरे, धुरांड्यांची रांग, पुढे झुडपांचे कुंपण. रस्त्यावरून पाहिले तर एखाद्या सुखवस्तू डॉक्टरचे घर वाटावे. पण मागे गेले की खरा प्रकार कळतो: लांबच लांब बाजू, एकसारख्या खिडक्या, लोखंडी जिना. एक घर म्हणजे दोन घरे. पुढच्या भागात हाउसमास्तर, त्याची बायको, मुले, कुत्रा. मागच्या भागात पन्नास-साठ मुलगे. मध्ये एक दार. इंग्लंडभर अशा घरांत त्या दाराला हिरवे बनातीचे कापड ठोकलेले असे, आवाज अडवायला. एका बाजूला गालिचा आणि पियानो, दुसऱ्या बाजूला लाकडी फरशीवर बुटांचा खडखडाट. या दाराचा शोध लागला आणि रेक्टर वरच्या खिडकीतून पाहणारा अधिकारी न राहता शेजारी झाला. तो आजारी मुलाला सूप पाठवू शकतो आणि न विचारता आतही येऊ शकतो. चेंबर कोर्टमध्ये वॉर्डन कधी पाहतो आहे हे मुलाला खिडकीकडे पाहून कळत असे. इथे कळत नाही.

जाता जाता वॉर क्लॉइस्टर पाहिले, पहिल्या महायुद्धात मेलेल्या विद्यार्थ्यांचे स्मारक. रचना हर्बर्ट बेकरची, 1924 ची. हाच बेकर त्या सुमारास नव्या दिल्लीत सचिवालयाच्या इमारती उभ्या करत होता. खांबांची माया तिथेही दिसते, इथे जरा आटोक्यात आहे.

संध्याकाळी वहिनींनी थालीपिठे लावली. पुतण्या तेरा वर्षांचा. त्याला टॉयचे फोटो दाखवले, तर म्हणाला, "काका, चार्जिंग पॉइंट दिसत नाहीये."

शुक्रवार

लंडनच्या वॉटरलूहून विंडसरची गाडी. किल्ल्याकडे न वळता उलट दिशेने टेम्सवरचा पूल ओलांडला की ईटनचा हाय स्ट्रीट सुरू. दुकानांच्या काचांत कोट आणि पट्टेरी टाय.

राजा सहाव्या हेन्रीने 1440 साली ईटनची शाळा काढली तेव्हा विंचेस्टरचाच कित्ता समोर होता. इथेही 70 स्कॉलर, इथेही चॅपल, इथेही जोडीला केंब्रिजचे किंग्ज कॉलेज. फरक एवढाच की इथल्या इमारती विटांच्या आणि झोपायची व्यवस्था साफ वेगळी. स्कूल यार्डमध्ये उभे राहिलो. मध्ये हेन्रीचा पुतळा, समोर 1520 चा लुप्टन टॉवर, उजव्या हाताला चॅपलची प्रचंड भिंत. सगळ्यांचे कॅमेरे तिकडे. मी डावीकडच्या ठेंगण्या लांब इमारतीकडे पाहत होतो. तळाला लोअर स्कूल, ओकच्या खांबांच्या दोन रांगा असलेला पंधराव्या शतकातला वर्ग. खांबांवर, बाकांवर, झडपांवर, जिथे चाकू पोचला तिथे मुलांची नावे कोरलेली. आणि या वर्गाच्या डोक्यावर लाँग चेंबर.

लाँग चेंबर म्हणजे नावाप्रमाणे एक लांब खोली. विकहॅमच्या सहा खोल्यांऐवजी एकच. सुरुवातीला मास्तर लोक जवळपास राहत. हळूहळू ते आपापल्या घरी गेले आणि रात्री इथे मुलांखेरीज कुणी उरले नाही. संध्याकाळी बाहेरून कुलूप, सकाळी उघडायचे. आत पाणी नाही, थंडीत ऊब नाही, उंदीर भरपूर. मोठी मुले लहानांना चादरीत घालून उडवत आणि त्यांच्याकडून सगळी कामे करून घेत. एकोणिसाव्या शतकात ही खोली इतकी बदनाम झाली की फुकट शिक्षण मिळत असूनही पालक मुलाला स्कॉलर करायला कचरू लागले. जागा रिकाम्या पडू लागल्या. शेवटी 1846 मध्ये मागे नवी इमारत झाली, बरीच मुले तिकडे गेली आणि लाँग चेंबरचे लाकडी आडोसे घालून कप्पे झाले.

मला यात राजाची चूक दिसते ती अशी: त्याने आकडा उचलला, नकाशा उचलला नाही. अकरा-बारा मुलांत तीन मोठी असली तर त्यांना प्रत्येकाचे नाव, ताप, रडे माहीत असते. सगळे एका दालनात घातले की मोठ्यांची टोळी होते. आमच्या वसतिगृहात आठवीला आम्हाला हॉलमधून खोल्यांत हलवले तेव्हा दोन महिन्यांत चोऱ्या थांबल्या. रेक्टर तेच होते, मुले तीच होती.

पैसे भरून राहणारे ऑपिडन शहरात राहत, पूर्वी बऱ्याचदा डेम म्हटल्या जाणाऱ्या बायकांनी चालवलेल्या घरांत. त्यातून आजची घरे आली. स्कॉलरांचे कॉलेज धरून ती 25 आहेत. प्रत्येक घरात साधारण पन्नास मुले आणि तेराव्या वर्षापासून प्रत्येकाला स्वतंत्र खोली. लाँग चेंबरवाल्या शाळेने हे करावे ही गंमतच.

स्वतंत्र खोली म्हणजे सुखच, असे मात्र नाही. 1903 च्या जूनमध्ये इथल्या एका घराला पहाटे आग लागली. मुलांनी रात्री बाहेर सटकू नये म्हणून खिडक्यांना गज होते. दोन मुले आतच गेली. हे ऐकल्यावर परत हाय स्ट्रीटने येताना मी प्रत्येक घराच्या वरच्या खिडक्या पाहत आलो. गज कुठे दिसले नाहीत. आगीचे जिने जागोजाग दिसले.

शनिवार

आजचा दिवस मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. हर्टफर्डजवळचे हेलीबरी. शाळेला आधी मेल करून ठेवला होता, सुट्टी होती, म्हणून एक गृहस्थ फिरवून आणायला तयार झाले. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून हर्टफर्ड ईस्ट, तिथून टॅक्सी.

हे मुळात शाळेसाठी बांधलेले नाही. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात कारभार करायला पाठवायच्या तरुणांसाठी 1806 साली कॉलेज काढले. पहिली तीन वर्षे ते हर्टफर्डच्या किल्ल्यात भरले, 1809 मध्ये इथे आले. वास्तुविशारद विल्यम विल्किन्स, वय तेव्हा तिशीच्या आत. लंडनची नॅशनल गॅलरी पुढे त्यानेच केली. बागेची आखणी हम्फ्री रेप्टनची. विंचेस्टरची कोंदट इमारत बांधणारा रेप्टन हा याचाच मुलगा.

हिरवळीवरून पाहिले तर समोर ग्रीक देवळांसारखे खांबांचे तीन मुखमंडप, मधला मोठा, आणि त्यांना जोडणारी लांब पांढुरकी दगडी भिंत. आतून चौकात गेलो आणि थक्क झालो, दोन कारणांनी. एक म्हणजे चौकाचा आकार. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे बहुतेक चौक यात सहज मावतील. दुसरे म्हणजे ग्रीस बाहेरच राहिला होता. आतल्या तिन्ही बाजू साध्या विटांच्या, एकसारख्या खिडक्यांच्या. दर्शनी भागाला दगड, मागे काटकसर. कंपनी शेवटी व्यापाऱ्यांची.

या विटांच्या रांगांत विद्यार्थी राहत, आणि प्रत्येकाला स्वतःची खोली. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, दोन-तीन वर्षांत कुठल्यातरी जिल्ह्यात असिस्टंट कलेक्टर होणार. त्याला लाँग चेंबरमध्ये कोंडून कसे चालेल? प्राध्यापकांची घरे त्याच आवारात होती. लोकसंख्यावाढीच्या सिद्धान्ताचा माल्थस इथे 1834 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवत होता. मुले त्याला पॉप म्हणत. संस्कृत, फारसी सगळे इथे. मोनियर विल्यम्स इथेच शिकवत असताना त्याने संपादित केलेले शाकुंतल 1853 मध्ये हर्टफर्डला देवनागरीत छापले गेले. कालिदासाचे खिळे या एवढ्याशा गावात जुळवले गेले, हे वाचून माहीत होते. प्रत्यक्ष गावातून टॅक्सीने जाताना मात्र गंमत वाटत राहिली.

स्वतंत्र खोल्यांनी शिस्त आली म्हणावे तर तसेही नाही. दारू, दंगे, दगडफेक यांनी कॉलेजचा इतिहास भरला आहे. प्राध्यापक जवळ होते, पण रेक्टर असा कुणी नव्हता. खोली दिली की झाले, असे कंपनीला वाटले असावे.

चौकाच्या एका बाजूला दारावर नाव दिसले: बार्टल फ्रियर. शाळेतल्या एका हाउसचे नाव. हा फ्रियर इथे शिकून 1834 मध्ये मुंबई इलाख्यात आला. साताऱ्याला तो रेसिडेंट असतानाच 1848 मध्ये आप्पासाहेब महाराज वारले, राज्य खालसा झाले आणि फ्रियर तिथला कमिशनर झाला. पुढे 1862 ते 1867 मुंबईचा गव्हर्नर. फोर्टची तटबंदी पाडून मुंबई मोकळी केली ती त्यानेच. गणेशखिंडीतले गव्हर्नरचे निवासस्थान, आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, हे काम त्याच्याच काळात सुरू झाले. मी त्या इमारतीच्या आवारात असंख्य वेळा चहा प्यायलो आहे. ज्याने ती उभी करायला काढली त्याने दोन वर्षे या विटांच्या खोलीत काढली होती, हे तिथे कुणी सांगितले नव्हते.

1855 पासून स्पर्धापरीक्षा आली, संचालकांच्या शिफारशीवर भरती बंद झाली, आणि 1858 मध्ये कॉलेजही. 1862 मध्ये इमारतीत नवी शाळा सुरू झाली. आणि तिने काय केले? एकेकाच्या खोल्यांमधल्या भिंती पाडून लांबच लांब शयनगृहे केली, ओळीने खाटांची. ईटनने ज्या प्रकाराला सोळा वर्षांपूर्वी आडोसे घातले तोच इथे भिंती पाडून आणला. माझ्या सोबतच्या गृहस्थांना विचारले, असे का? ते म्हणाले, पैसे वाचतात. मला वाटते एवढेच नव्हते. शाळकरी मुलगा उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेखाली झोपला की घडतो, अशी त्या पिढीची पक्की समजूत होती. चौकावरचा मोठा घुमट हाही त्याच पिढीचा, आर्थर ब्लोमफील्डने 1870 च्या दशकात चॅपलवर चढवलेला. विल्किन्सच्या सपाट आडव्या रेषांवर तो मला जड वाटला. सोबतचे गृहस्थ घुमटाचे भक्त निघाले, त्यामुळे विषय वाढवला नाही.

आता शाळेत मुलीही आहेत, मोठ्यांना पुन्हा छोट्या खोल्या आहेत. एका हाउसच्या जिन्याखाली मी विचारलेच: हाउसमास्तर कुठे राहतो? त्यांनी बाजूच्या दाराकडे बोट दाखवले. दाराला बनात नव्हती, नंबर दाबायचे कुलूप होते, आणि खाली कुत्र्याच्या पाण्याचे भांडे.

रविवार

विमान रात्रीचे. सकाळी एम्बँकमेंटच्या बागेत फ्रियरचा पुतळा शोधून काढला, थॉमस ब्रॉकने केलेला, 1888 चा. वहिनींना फोटो पाठवला. उत्तर आले: "हे कोण? आणि याची खाट कुठाय?"